हाकेचं पाणी

इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहून पाणी प्यायचे नाही, हा त्या दुकानाचा दंडक. प्यालेले पाणी घाम होऊन पांढऱ्या सदऱ्यावर टपकते, असे इस्त्रीवाल्या काकांना त्यांच्या वस्तादांनी शिकवले होते. शिकवण चुकीची होती, पण काकांनी ती आयुष्यभर पाळली. गठ्ठा संपवायचा, इस्त्री उभी करायची, पायांखालच्या फळीवरून उतरायचे आणि मग दाराशी जाऊन प्यायचे.

त्यांना उतरवण्याचे काम पत्नीचे. मागच्या स्टुलावर बसून घड्या घालता घालता ती हाक मारी, "अहो, उतरा खाली. कपड्यांवर पाणी शिंपडता, जिवावर कोण शिंपडणार?" काका कुरकुरत उतरत. स्वतःची अशी तहान आपल्याला कधी कळलीच नाही, हे ती गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले. हाक थांबली, तसे पाणीही थांबले.

ऊन चढले. दुपारी तोंडाला कोरड पडे, डोके ठणके, टेबलाची कड धरावी लागे. अशाच एका दुपारी कानांत गुणगुण उठली आणि मागून स्पष्ट ऐकू आले, "अहो, उतरा खाली."

काकांनी वळून पाहिले. स्टुलावर कोणी नव्हते. ते उतरले नाहीत. उतरून पाणी प्यालो, तर ती पुन्हा कशाला हाक मारील? दुसऱ्या दिवसापासून ते दुपारची वाट पाहू लागले. सकाळचा चहासुद्धा अर्धा ठेवू लागले.

एकदा डबा घेऊन आलेल्या लेकीला दारातच करपल्याचा वास आला. इस्त्री एका कॉलरवर तशीच टेकलेली, आणि भिंतीला रेललेले बाबा लेकीकडे पाहून म्हणत होते, "अगं, आज समोरून आलीस?" हे आईशी बोलणे होते. लेकीने बटण बंद केले. त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. चुणी तशीच उभी राहिली.

"बाबा, लघवीला कधी गेला होतात?"

"लेकीनं विचारायची गोष्ट आहे का ही?"

"रंग कसा होता?"

"रंगीत कपडे मी वेगळे ठेवतो," काका हसले, आणि सुकलेला ओठ चिरला.

ती हसली नाही. गाडी करून तिने दवाखाना गाठला. सलाइन लावताना डॉक्टर म्हणाल्या, "उतारवयात तहान मंदावते, तिची वाट बघायची नाही. काम करता करता थोडं थोडं पीत राहा. लघवी गडद झाली, चक्कर आली, तर लगेच पाणी. आणि बोलणं भलतीकडे गेलं, तर थेट इकडे."

घरी आल्यावर लेकीने विचारले, "तहान लागत नव्हती, की प्यायचंच नव्हतं?"

काकांनी हाकेचे सांगितले.

"म्हणजे आई पाणी प्या म्हणूनच सांगत होती. मग?"

"मग काय. एकदा उतरलो असतो, तर पुन्हा म्हणाली असती?"

लेक त्यांच्याजवळ सरकून बसली.

पुढच्या आठवड्यात काका कामावर आले. गठ्ठा संपायच्या आधीच इस्त्री उभी करून, कोणी न बोलावता, खाली उतरू लागले. दुपार झाली. पेला हातात धरून ते दाराशी थांबले. डोके लख्ख होते, कानही लख्ख होते, आणि त्या लख्खपणात तिच्या हाकेचा मागमूस नव्हता. त्यांनी सावकाश पाणी संपवले, आणि तरीही थोडा वेळ तिथेच उभे राहिले.