दोन दगडांमधली रेषा

सहावीच्या गणिताचा पहिला धडा भूमितीचा असतो. बिंदू, रेषा, प्रतल. बेरीज-वजाबाकी मुलं मुकाट्यानं ऐकून घेतात, पण या धड्याला माझ्याशी भांडतात, म्हणून तो मला फार आवडतो. निदान आवडायचा.

माझी शाळा आसगावच्या बाजूला, माझ्याच माहेरच्या गावात आहे. सासर पवनीत. सासरी हातमाग, माहेरी धान, आणि मधे मी स्कूटीवर. शाळेच्या खिडकीतून बाबांचं शेत दिसतं. बाबा शेतातून मला दिसतात आणि मी त्यांना. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं बापाच्या नजरेखाली नोकरी करायची म्हणजे काय, हे जिचं तिलाच ठाऊक.

त्या दिवशी मी फळ्यावर खडूनं टिंब काढलं आणि सांगितलं, बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते.

"मग मॅडम, हे दिसून काहून राहिलं?" मागून आवाज आला.

"हे चित्र आहे. बिंदू नव्हे."

"मग बिंदू कुठं आहे?"

आता घ्या! मी घाईघाईनं रेषेवर आले. रेषेला शेवट नसतो, म्हणून दोन्ही टोकांना बाण काढतात. हे मुलांना पटलं, बाण सगळ्यांना आवडतात. मग प्रतल. प्रतल म्हणजे सपाट पृष्ठभाग, सगळ्या बाजूंना पसरलेला.

"म्हणजे बांधीसारखा," एक मुलगी म्हणाली. बाबांच्या शेताला लागून ज्या काकूंचं शेत आहे, त्यांची ही नात, लेकीची मुलगी. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवणारा धानाचा तुकडा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बांधी सपाट आहे की नाही, हे पाणी सोडलं की लगेच कळतं. याहून चांगलं उदाहरण पुस्तकातही नाही.

"शाब्बास," मी म्हटलं. "फक्त प्रतलाला कडा नसतात. धुरा नसतो."

वर्ग हादरला. धुरा म्हणजे बांधीभोवतीचा मातीचा बांध. तो आमच्याकडे पाणी अडवतो, चालायला वाट देतो, त्याच्यावर तूर पिकते, आणि कोणाचं शेत कुठं संपतं तेही तोच सांगतो.

"बिनधुऱ्याची बांधी? पाणी थांबन कसं?"

"अन् कोणाचं कोणतं, कसं समजन?"

पोरं खरोखर घाबरली होती. आमच्या गावात चोराला एखाद्या वेळी माफी मिळते, पण धुरा खाणाऱ्याला नाही. दर साली फावड्यानं धुरा थोडा थोडा शेजाऱ्याच्या बांधीत सरकवायचा आणि आपली बांधी वाढवायची, याला धुरा खाणं म्हणतात. ज्याच्या नावाला हे एकदा चिकटलं, त्याच्या घरी सोयरीकही विचार करून होते.

म्हणून मी ठरवलं, यांना एक सरळ, सज्जन धुरा दाखवायचा. आणि तो बाबांचाच. बाबांचा धुरा आख्ख्या शिवारात नावाजलेला. काकूंचा नवरा गेल्यापासून त्यांच्या घरात गडीमाणूस नाही, तेव्हापासून काकूंच्या बाजूचं कामही बाबाच करत आले. एक पैसा न घेता. गावात कोणाची परोपकाराची गोष्ट निघाली की माझ्या बापाचं नाव निघतं, आणि मी मान ताठ करून ऐकते.

दुसऱ्या दिवशी सासरहून मागाचा लाल, पीळदार धागा घेऊन आले. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात हिरवे झाले होते, त्यांची रोवणी अजून लागायची होती, बांध्या मोकळ्या होत्या. बाबा आमची वाटच पाहत होते.

"या, या! असा धुरा दाखवा मले दुसरा," ते पोरांना म्हणाले. "दोरी लावून पाहा, दोरी!"

धुऱ्याच्या दोन टोकांना मोजणीचे जुने दगड आहेत. मी म्हटलं, हे आपले दोन बिंदू. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, आता ती पाहू. एका दगडाला धागा बांधला. दुसरं टोक काकूंच्या नातीनं धरलं आणि पोरं ते घेऊन धुऱ्यावरून पळत गेली. पलीकडच्या दगडाला ताणून बांधलं.

टोकाला धागा धुऱ्यावर होता. जरा पुढं गेला आणि धुऱ्यावरून उतरला. मधे तर तो चक्क बाबांच्या बांधीवरून चालला होता, खाली रिकामी माती. आणि धुरा? धुरा पोट काढून पलीकडे काकूंच्या बांधीत गेला होता. थोडाथोडका नाही. बैलजोडी आरामात उभी राहील एवढा.

"मॅडम, धागा चुकला," कोणीतरी म्हणालं.

ही शेतकऱ्यांची पोरं. प्रतल समजायला त्यांना आठवडा लागेल, पण हे समजायला पळभरही वेळ लागला नाही. सगळी माझ्या बापाकडं पाहत होती.

"धुरा आमच्यात आला," काकूंची नात म्हणाली. तक्रार म्हणून नाही. फळ्यावरचं उत्तर वाचावं तसं.

मी बाबांकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"धागा सैल आहे," बाबा म्हणाले. "वाऱ्यानं वाकला."

वारा नव्हता. मी मागवाल्यांच्या घरची सून आहे, ताणलेला धागा मला बोटाला कळतो. मी तो छेडला. टण्ण वाजला. पोरं आता माझ्याकडं पाहत होती, आणि सगळा वर्ग, सगळं पुस्तक, माझा बाप आणि त्यांचं नाव, सगळं त्या एका धाग्याला लटकलं होतं.

"धागा ताणलेला आहे, बाबा," मी म्हणाले. "दोन बिंदूंतून एकच रेषा जाते."

आवाज माझाच होता, पण मीच दचकले. बाबा फावडं खांद्यावर टाकून घरी गेले. मागं वळून पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर मी घरी गेले. बाबा ओसरीवर बसले होते, समोरचा चहा गार झालेला. मी सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आपल्या अंगानं मी धुरा छाटतो. गवत निघते, उंदराची बिळं निघतात, धुरा साफ होते. तिच्या अंगानं मी फावडा कसा चालवू? बाईमाणसाच्या बांधीत फावडा चालवला, तर लोक काय म्हणतील? धुरा खाल्ला म्हणतील. म्हणून तिच्या अंगानं फक्त माती लावली. लिपून देल्ली. दर साली."

मी ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता मला ते दिसायला लागलं. इकडून छाटायचं, तिकडून थापायचं. इकडं बारीक, तिकडं जाड. दर साली तसूभर. धुरा खाल्ला असं कोणी म्हणू नये, म्हणून जपून जपून माझ्या बापानं धुरा खाल्ला होता.

खरं सांगते, ते मुद्दाम केलं असतं तर मला रागावता आलं असतं. हे ऐकून मी नुसती सुन्न झाले. यावर विश्वास ठेवावा की नाही, हेही कळेना. एवढा शेतकरी माणूस, आपली बांधी रुंदावली हे त्यांच्या पायाला एकदाही कळलं नसेल? हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

सकाळी शाळेआधी बाबाच मला म्हणाले, "चाल माझ्यासंग." आम्ही शेतावर गेलो. धागा तसाच होता, दवानं ओला. काकू आपल्या बांधीत उभ्या होत्या. रात्रीतून गावभर झालं असणारच.

"चुकी झाली," बाबा म्हणाले. डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला होता. "मले समजलं नाही."

"मले समजलं होतं, भाऊजी," काकू म्हणाल्या.

बाबांनी वर पाहिलं. मीही.

"कधी?" मी विचारलं.

"कधीचंच. माझी बांधी आहे ना, बाई. पऱ्हे तेवढेच, पण रोवणीले दर साली जास्त उरत. बांधीच कमी झाली ना."

"मग बोलल्या काहून नाही?" बाबांचा आवाज फुटला.

काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बोलली असती तर माझ्या अंगाचं लिपलं असतं कोणं? धुरा फुटला असता, पाणी गेलं असतं, धान गेलं असतं. जमीन थोडी गेली, धान तरी राहिलं."

मी आजवर ज्या गोष्टीनं मान ताठ करत आले, ती गोष्ट ही होती. गावानं काहीही म्हटलं असतं तरी बाबांना इतकं लागलं नसतं, जितकं हे लागलं. त्यांना परोपकार वाटत होता, आणि त्या बाईनं दर साली त्याची किंमत मोजली होती, न बोलता, त्यांनाही न सांगता.

मग बाबांनी फावडं उचललं आणि धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते पलीकडे फावडं घेऊन कधी उतरले नव्हते.

"उतरू का तुमच्या बांधीत?" त्यांनी विचारलं. "तुमच्या अंगानं छाटतो. दगडाले दगड सरळ करून देतो."

"उतरा ना, भाऊजी," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, खाली पाहत म्हणाल्या, "पण धागा राहू द्या."