डावा हात म्हणजे पाट

कराडला आमच्या एअर रायफलच्या रेंजवर जे शिकवतात, त्यांना सगळे नुसतंच 'सुभेदार' म्हणतात. ते खाकरले तरी आमची रांग सरळ होते. चाळिशीत मला नेमबाजीचा नाद लागला आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बघून कपाळाला हात लावला.

"आवं ताई, रायफल हाय ती, एसटीचा दांडा न्हाई! किती आवळताय? डावा हात म्हंजे पाट. रायफल नवरदेव, पाटावर बसतोय. पाट कवा नवरदेवाला धरतोय व्हय?"

मी हसत सुटले, बोटं आपोआप सैल पडली आणि पुढचा छर्रा चक्क दहाच्या घरात! तेव्हापासून रेंजभर त्यांचं "पाट, पाट!" घुमतंय.

परवा बाळंतपणाचा सव्वा महिना झाल्यावर त्यांची लेक बाळाला घेऊन रेंजवर आली. सुभेदारांनी नात हातात घेतली मात्र, खांदे ताठ, पंजे आवळलेले, श्वास बंद. पोरीनं भोकाड पसरलं. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "सुभेदार, पाट, पाट!"

त्यांनी डावा पंजा सैल उघडला. पोर त्यावर विसावली, गप्प झाली आणि तिनं त्यांची मिशी गच्च धरली.

डोळ्यांत पाणी आलं तरी सुभेदार हलले नाहीत. "आवळू द्या," ते हळूच म्हणाले, "तिला आजून कुणी शिकवलंय!"