वरचे बॉल देवाचे

तिच्या हातात काहीही दिलं तरी ती ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि छातीशी ओढायची. चहाचा कप असो, खडूचा डबा असो, नाहीतर एसटीत कुणी क्षणभर धरायला दिलेलं रडकं पोर असो. कितीदा तरी चहा अंगावर सांडला, पण सवय गेली नाही. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. एखादा शिंपी बोलता बोलता समोरच्याच्या बाहीची शिवण चाचपतो ना, तसं. ती गोलकीपर होती.

पांढरकवड्याहून हायवे सोडून आत गेलं की आमची आश्रमशाळा लागते. मी तिथे मराठी शिकवते. मूळची नेरची, पण आता इथलीच झाले आहे. ती क्रीडाशिक्षिका म्हणून आली, तीही कंत्राटी. क्वार्टर एकच रिकामं होतं, म्हणून आम्ही दोघी त्यात राहू लागलो. पहिल्या दिवशी तिनं पिशवी दारातच टेकवली आणि आत न येता मागचं पटांगण पाहायला गेली. परत आली तेव्हा ओंजळीत दगड होते.

"लय दगड हायेत व ताई," ती म्हणाली. "पन सपाट हाय. जमते."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की पोरी दगड वेचायला लागल्या. बांबूचे गोलपोस्ट उभे राहिले. पहिला फुटबॉल आला तो तिच्याच पिशवीतून.

ती पुसदकडच्या तांड्यातली, बंजारा. आईबाप हंगामात वीटभट्टीवर जायचे, ही सोबत. ट्रक भरताना विटा हातोहात फेकत नेतात, त्या साखळीत ती लहानपणापासून उभी राहायची. वीट सुटली तर पायावर पडणार, म्हणून ती छातीशी घट्ट धरायची. पुढे वसतिगृहात एका नागपूरच्या शिक्षकानं तिच्याकडे चेंडू फेकला, तर तिनं तो तसाच धरला. "सर म्हने, कोठं शिकली? म्या म्हटलं, भट्टीवर."

उंची मात्र बेताची. गोलकीपरला हे चालत नाही हे मलाही समजायचं. पण तिला विचारलं की ती म्हणायची, "वरचे बॉल देवाचे, खालचे माये." हे वाक्य ती जेवतानाही वापरायची. भात करपला की खालचा तिचा, वरचा देवाचा.

देशाच्या ज्युनिअर मुलींच्या संघात ती खेळून आली होती, हे आमच्या मुख्याध्यापकांना खरं वाटत नसे. पाहुणे आले की ते हसत ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या इंटरनॅशनल मॅडम." तीही हसायची. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. परत आल्यावर विमानतळावरच जर्सी काढून घेतल्या होत्या, पुढच्या संघाला लागतील म्हणून. "आमी आतून घरचे कपडे घालून होतो म्हनून बरं," ती म्हणायची.

त्या संघाचा इतिहास आम्ही तिच्या तोंडूनच ऐकला. सराव संपला की पोरी पटांगणातच बसायच्या आणि ती सांगायची. मणिपूरची बॅक सुकी मासळी उशाशी घेऊन झोपायची. ओडिशाच्या दोघी जुळ्या होत्या, कोच एकीचा राग दुसरीवर काढायचा. बंगालची कॅप्टन राष्ट्रगीत सुरू झालं की रडायची आणि मग पहिली दहा मिनिटं तिला नीट दिसायचं नाही. घाईघाईत गोळा केलेल्या या मुली परदेशातल्या स्पर्धेत उतरल्या आणि साऱ्याच मॅच हरल्या. जबर हरल्या.

"किती गोल झाले मॅडम?" पोरी विचारायच्या.

"मोजाले टाइम कोठं होता? मी जाळीतून बॉल काढून राह्यली होती."

पोरी लोळून हसायच्या. हसू ओसरलं की कुणीतरी विचारायचं, मग पुढं काय झालं? पुढचं ती थोडक्यात सांगायची. पुढच्या वर्षी पुन्हा कॅम्प लागला. या वेळी वय तपासायला सगळ्यांच्या मनगटाच्या हाडाचा फोटो काढला. हाड जुळलेलं दिसलं, म्हणजे वय जास्त, असं म्हणून तिला घरी पाठवलं.

"लोकाइचं हाड मोडते म्हनून घरी पाठवतात, मायं जुळलं म्हनून पाठवलं," ती म्हणायची. खरं वय तिलाही ठाऊक नव्हतं. आई सांगायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली. कोणत्या पोळ्याच्या, हे आईला आठवत नव्हतं.

हे सांगताना ती हसायची. पण डाव्या मनगटावर उजव्या हाताचा अंगठा ठेवून ती दाबत बसायची, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मग मोनाली आली. जवळच्या पोडातली, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, काटक, अबोल. चेंडू तिच्या पायाशी आला की मागे धावणाऱ्या पोरी थांबायच्याच, कारण धावून उपयोग नसे. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्याच्या संघात नाव आलं. शेवटी देशाच्या ज्युनिअर संघाच्या कॅम्पचं बोलावणं आलं. त्या दिवशी आमच्या क्वार्टरात मॅडमनं माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं.

आनंद ओसरला आणि तिला एकाच गोष्टीनं घेरलं. मनगट.

"तिलेबी कॅम्पातून परत पाठवलं तर? साऱ्याइच्या समोर?" ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा आपनच पहिले पाहून घेऊ."

ती मोनालीला घेऊन यवतमाळला गेली, मनगटाचा फोटो काढला, डॉक्टरला दाखवला. हाड जुळायला अजून वेळ होता. परत येताना तिनं सगळ्या शाळेसाठी जिलबी आणली. पोरींच्या रांगेत उभी राहून स्वतः वाढली, आणि मोनालीच्या ताटात वाढताना तिचं मनगट उचलून सगळ्यांना दाखवलं. "पाहा व पोरीहो, हे पासपोर्ट हाय."

मोनालीला दर हिवाळ्यात हातपाय दुखायचे. तिची आईही म्हणायची, थंडीचं हाय. आमच्या भागात पोरींचे हातपाय दुखणं हा काही आजार समजत नाहीत. मॅडम तिला जवळ बसवून मोहाचं तेल गरम करून चोळायची. मीही कधी चोळलं आहे. तेलाच्या वासानं क्वार्टर भरून जायचं आणि मोनाली भिंतीला टेकून तशीच झोपी जायची.

कॅम्पला जायचे दिवस जवळ आले तशी सकाळची धाव वाढली. थंडी कडाक्याची होती. त्या सकाळी मी नळावर होते. पटांगणातून ओरडणं ऐकू आलं म्हणून गेले, तर मोनाली बांबूच्या पोस्टला धरून बसली होती. तिला श्वास घेता येत नव्हता. "छातीत दुखून राह्यलं," एवढंच म्हणत होती.

जीपनं पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी डोळे पाहिले, रक्त घेतलं आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन विचारलं, "हिला सिकलसेल आहे. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

नव्हतं. शाळेत तपासणी झाली होती, बोटाला सुई टोचून सगळ्या पोरींचं रक्त घेतलं होतं. पण त्या दिवशी मोनाली शाळेत नव्हती. ती अमरावतीला मॅच खेळायला गेली होती.

"मीच नेलतं," मॅडम म्हणाली. मला नाही, समोरच्या भिंतीला.

तिथून यवतमाळला नेलं. मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. ती रात्रभर मोनालीच्या पायाशी बसून तिचे तळवे हातांत धरून होती. अधूनमधून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. मला फक्त "याडी, याडी" कळलं, म्हणजे आई. दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली गेली.

मॅडमनं डॉक्टरला एकच विचारलं. "पळाल्यानं झालं का?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी समजावून सांगितलं, की थंडी, दमणं, पाणी कमी पिणं, कशानंही हा त्रास उसळतो. वेळेवर कळलं तर औषधं आहेत, अशा कितीतरी मुली चांगल्या जगतात. ते बराच वेळ बोलत होते. तिनं त्यातला "दमणं" हा एकच शब्द घेतला आणि बाकीचं सोडून दिलं.

मोनालीचा बाप शवागाराबाहेर उभा होता. बारीक माणूस, गळ्यात रुमाल. आई जमिनीवर बसून कोलामीत रडत होती. मॅडम त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं तो शिव्या देईल, आणि तिला त्याच हव्या होत्या. पण तो म्हणाला, "तिले विमानात बसवनार होते म्हने तुमी. बसली का ते?"

"नाही, भाऊ," ती म्हणाली. "अजून नाही बसली."

त्यानं मान हलवली आणि बायकोला उठवायला वाकला.

चौकशी आली. साहेबांनी प्रश्न पुरा करायच्या आत ती म्हणाली, "हो. मी पळवली तिले." मुख्याध्यापक घाबरून म्हणाले, "मॅडम, असं म्हणू नका. तपासणी राहून गेली, हे सांगा." तपासणीही आपल्यामुळेच राहिली, असं तिनं सांगितलं. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. आजार तिनं दिला नव्हता, आईबापाच्या रक्तातून आला होता, हे मी तिला पुस्तकातल्यासारखं समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"ताई, मी तिचं मनगट पाहून आलतो," ती म्हणाली. घाईत, दुःखात ती असं पुरुषासारखं बोलायची, आमच्याकडे बायका बोलतात तसं. "त्याच मशिनीच्या शेजारी रक्त तपासत होते. दरवाजा उघडा होता. मी तिले हात धरून तिथूनच आनलं."



त्यानंतर तिनं चेंडूला हात लावला नाही. पोरी विचारायला यायच्या, ती त्यांना लंगडी खेळा म्हणायची. शाळा सुटली की ती आरोग्य खात्याच्या आशाताईला सोबत घेऊन पोडापोडांत जायची. तपासणीला जे जे घरी राहिलं असेल त्याला शोधायची, शेतावर गेलं असेल तर शेतावर. लोक दार लावून घ्यायचे. "खेळवाली मॅडम आली," असं बायका एकमेकींना सांगायच्या, आणि ते सांगण्यात माया नव्हती. ती उंबऱ्याबाहेर बसून राहायची. तिनं उंबऱ्यावर बसून बसून आणलेल्या पोरींतल्या दोघींना तो आजार निघाला. त्या रोज गोळी घेतात. दोघीही आता कॉलेजात आहेत, एक पुसदला, एक यवतमाळला.

मी हे तिला पुन्हा पुन्हा सांगायची. ती म्हणायची, "हाओ." आणि विषय संपायचा.

वर्ष संपलं आणि तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कुणी काढलं असं नाही. कुणी ठेवलं नाही, इतकंच. जायच्या आदल्या दिवशी तिनं बांबूचे पोस्ट उपटले, धुतले आणि स्वयंपाकघरामागे उभे करून ठेवले. तिनं ते मांडवासाठी ठेवले होते म्हणे. स्वयंपाकिणींनी पावसाळ्यात ते जाळले. ओली लाकडं पेटत नव्हती, त्या तरी काय करतील.

आता ती पुसदजवळ तांड्यातच असते. भावाची पिठाची चक्की आहे, ती सांभाळते. मी गेले होते एकदा. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. चहा केला, भाकरी खाऊ घातली, माझ्या घरच्यांची विचारपूस केली. शाळेचं नाव काढलं नाही.

परवाच्या उन्हाळ्यात एका दुपारी आपल्या देशाच्या ज्युनिअर मुलींची मॅच होती. वर्गातल्या पोरींच्या हट्टापायी मी मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवला आणि पंधरावीस डोकी त्याच्याभोवती गोळा झाली. समालोचक या संघाचा इतिहास सांगत होता. कधी सुरुवात झाली, कोणत्या संघानं काय केलं. त्याचा इतिहास तिच्या संघाच्या नंतर सुरू झाला. मी उठून हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि तिथल्या फोनवरून तिला फोन लावला.

पलीकडे चक्कीचा आवाज होता. "मॅच पाहून राह्यली का?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"कायले पाहू?" ती म्हणाली. चक्की फिरत राहिली. मग म्हणाली, "हरून राह्यले का?"

"नाही. बरोबरीत आहेत."

"बरं हाय."

मी तिला समालोचकाचं सांगितलं. तिनं चक्की बंद केली.

"आमी गेलतो न व ताई," ती म्हणाली. "हरून आलो, पन गेलतो. अन् मोनाली जानार होती. हे कोनी सांगत नसन."

"नाही सांगत."

"मंग पोरीहीले तू सांगजो," ती म्हणाली, आणि कुणाचं तरी दळण आलं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी आत आले. एका पोरीनं मान वर न करता विचारलं, "कोन होतं मॅडम?"

"याच टीमची गोलकीपर," मी म्हटलं. "आपल्या शाळेत होती."

"खोटं!" सगळ्या एकदम हसल्या.

मी तिचं नाव सांगितलं, आडनावासकट. मग मोनालीचं. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन्ही नावं त्यांच्यातल्या एकीनंही कधी ऐकलेली नव्हती. मी मोबाइलचा आवाज कमी केला आणि ती नावं पुन्हा एकदा सांगितली.