शोकेसमधली सून

अर्धी तूरडाळ निवडून झाली होती, अर्धी ताटात तशीच, तेवढ्यात भावजींनी माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला. "वर फडकं घालतो, वहिनी," म्हणाले आणि त्यावर अजगर तोलला. आणला तेव्हापेक्षा पाव किलो कमी भरला. भावजींचं तोंड उतरलं.

राघवेंद्र हे माझे धाकटे दीर. धाराशिवच्या कोर्टात रेकॉर्ड रूमला कारकून, वय एकेचाळीस, लग्न नाही. सासूबाई स्थळं दाखवून दमल्या आणि आषाढात भावजी पुण्याहून, रीतसर सरकारी नोंद करून, परदेशी अजगराची मादी घेऊन आले. साडेतीन फूट, बिनविषारी, वेटोळं घातलं की पोळ्यांच्या डब्यात मावेल एवढी.

"सून आण म्हणलं तर हे आणलंस व्हय रे?" सासूबाई म्हणाल्या. पण दोन दिवसांत विरघळल्या. हरकत एकच, तिच्या जेवणाला. "गणपतीचं वाहन माझ्या फ्रिजात नको." मग गच्चीवर वेगळा छोटा फ्रिज आला. मी गणपतीची मनातल्या मनात माफी मागून घेतली.

घोळ झाला तो तिच्या घराचा. भावजींना लहानसा बंद खोका हवा होता. सासूबाईंना हवा होता बैठकीत चार फुटी काचेचा शोकेस, आत दिवा, म्हणजे आल्यागेल्याला दिसेल. भावजी आईपुढं बोलत नाहीत. शोकेस आला. नागपंचमीला तर गल्लीतल्या बायकांची रांग लागली. लाह्या, दूध, हळदकुंकू, आणि ती हलली नाही की काचेवर टकटक. आपला नाग नव्हे हा, हे सांगून ऐकतंय कोण? मीच ऐकलं नाही. रोज सकाळी उदबत्ती ओवाळून धूर आत जाईल असं बघत होते.

दहा आठवडे तिनं काही खाल्लं नाही. काचेवर घासून घासून नाक सोलवटलं.

पुण्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर भावजींना झापलं. उघड्यावर, उजेडात, चहूबाजूंनी माणसं, ती भेदरलीय. अजून अशीच राहिली तर जाईल. अंग सगळीकडून टेकेल अशी अंधारी जागा द्या, एक उबेला, एक गारव्याला, आणि धूर बंद.

फोन ठेवून भावजी म्हणाले, "मला कळायला हवं होतं, वहिनी. मोठ्या रॅकमध्ये सुटा कागद ठेवला की तो पडून, दुमडून खराब होतोय. घट्ट गठ्ठ्यात शंभर वर्षं राहतोय."

त्यांनी झाकणाला कड्या असलेली प्लास्टिकची पेटी आणली, तापल्या सळईनं भोकं पाडली, एका टोकाला खालून ऊब देणारी पट्टी लावली. आत घालायला माझ्याकडचे दोन छोटे माठ मागितले. ते मी नवरात्रातल्या घटासाठी आणले होते. मी देव्हाऱ्याकडं न बघता दिले. भावजींनी काठ फोडून तिला शिरायला वाट केली आणि ते आत उपडे घातले.

सासूबाई भडकल्या. "मग लोकांनी बघायचं काय? डबा? दर्शन बंद करायला तू कोण रे?"

पहिल्यांदाच भावजी त्यांच्यासमोर बोलले. "आई, तुळजापूरची देवी सध्या मंचकावर निजलीय का न्हाय?"

"निजलीय की."

"नवरात्राआधी आठ दिवस निजती. तवा कुणी जाऊन टकटक करतंय का, की उठ बाई, सोलापूरचे पाहुणे आलेत?"

सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "देवीशी बरोबरी करतोस, मेल्या." आणि उठून बैठकीतला दिवा स्वतःच बंद केला.

पेटी भावजींच्या खोलीत गेली. दोन बायका आल्या, त्यांना सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं, "निजलीय" म्हणून. एकीनं विचारलं, कोण? तर म्हणाल्या, "सून."

आज तिन्हीसांजेला मी दिवा लावत होते, तर आतून भावजींची हाक आली, पण दबकी. दारातून पाहिलं. उबेच्या माठातून नुसतं डोकं बाहेर आलं, झटक्यात चिमट्यातलं वाहन घेतलं आणि माठात परत. भावजी जमिनीवर बसूनच राहिले, डोळे भरलेले, हातात रिकामा चिमटा. सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "एकानं भागलं का तिचं?"

फ्रिजात तो शेवटचाच उंदीर होता. उद्या सकाळी आठला पुण्याच्या गाडीनं बर्फातलं पार्सल येतंय. ते आणायला भावजी बसस्टँडवर जाणार आहेत.