‘कशावरून?’ विचारायला लागल्यापासून

सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. ओवी चार महिन्यांची होती, उचक्या थांबेनात आणि मी रडायच्या बेतात. मोबाइलमध्ये ‘बाळाला उचकी’ एवढं बोलले, तर एका व्हिडिओत साध्या साडीतल्या एक बाई आल्या. फळ्यावर छाती-पोट काढून त्यांनी मराठीत उचकी समजावली. शेवटी म्हणाल्या, "कुणी काहीही सांगितलं तरी आधी विचारा, कशावरून? मलासुद्धा विचारा!"

मी सातवी शिकलेली. शाळेत असं विचारलं की छडी मिळायची! पण मी रोज बाईंचे व्हिडिओ बघायला लागले. पहिलं मूल. त्याला सांभाळायचं ते कुणाचं ऐकून, ही धास्ती माझ्या जिवाला कायमची. आणि पुण्याजवळच्या मांजरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सल्ले देणारे तर मजल्यामजल्यावर! किस्से साठणारच. तांदळातल्या सोंडकिड्यांसारखे, डबा उघडावा तेव्हा चार जास्तच.

*

वरच्या मजल्यावरचे भाऊजी इंजिनिअर. हॉलमध्ये डिग्री फ्रेम करून लावलेली. बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुपही त्यांचाच. एका संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, ‘आज अंतराळातून घातक किरणे येणार. मोबाइल बंद ठेवा. लहान मुलांना धोका!’

मी घाबरून लगेच बंद केला. दहा मिनिटांत दारावर थाप. भाऊजी!

"वहिनी, फोन का लागत नाही तुमचा? बंद केलात का विचारायला मघापासून लावतोय!"

*

मग झाडूचा मेसेज आला. आज ग्रहांच्या ओढीने झाडू आपोआप उभा राहील म्हणे. सगळ्या बायका पॅसेजमध्ये झाडू उभे करून फोटो काढत होत्या. दुसऱ्या दिवशी मी तोच झाडू तिथेच उभा केला. राहिला!

तळमजल्यावरच्या काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या. त्या भाजी घेऊन वर येत होत्या. झाडूकडे बघून म्हणाल्या, "काल संपलं म्हणून ग्रहांना कुणी कळवलेलं दिसत नाही."

*

सासूबाई लोणी काळभोरच्या. ओवी जरा किरकिरली की मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या. ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट लागलेली. ठसका कधीच यायचा नाही!

मी म्हटलं, "आत्या, एकदा वॉशिंग मशीनवरून ओवाळून बघू. तिला काय दृष्ट लागणार?"

त्यांनी मन लावून ओवाळलं. मिरच्या टाकल्या. ठसका नाही! आता काय म्हणतात म्हणून मी बघत राहिले.

"बघ! तरी मी म्हनत हुते. नवीन मशीन हाय, शेजारनीची नजर लागल्याबिगर ऱ्हाती व्हय?"

*

ओवी दहा महिन्यांची असताना मात्र हसू पळालं. दुपारपर्यंत सात जुलाब. डोळे खोल गेले, रडायलाही त्राण नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पानी बंद कर. वरून वतशील तेवढं खालून जाईल."

भाऊजींनी तर ग्रुपवरच टाकलं, ‘जुलाब झाल्यास पोटाला विश्रांती द्या. बारा तास पाणी, दूध बंद!’ आणि बघायला खाली आले.

मी विचारलं, "कशावरून?"

"वहिनी, मी इंजिनिअर आहे!"

काकू दारातच होत्या. "पोटाचे का?" त्यांनी विचारलं.

बाईंच्या व्हिडिओत नेमकं उलटं सांगितलं होतं, आणि का तेही सांगितलं होतं. अंगणवाडीच्या ताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट मी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं. चमच्याचमच्याने पाजलं. दूधही चालू ठेवलं. चुकलं तर घरात कुणी मला माफ करणार नव्हतं, मी स्वतः तर नाहीच.

तेच पाणी बाटलीत भरून घेतलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ओवीला तपासलं. "हे पाणी कुणी सुरू केलं?"

"मी," मी खाली मान घालून म्हटलं.

"छान. चालू ठेवा."

*

ओवी खडखडीत बरी झाली. पंधरा दिवसांनी भर दुपारी बेल वाजली. दारात भाऊजी, चपला हातात. आवाज नको म्हणून!

"वहिनी, आमच्या चिंटूला सकाळपासून जुलाब लागलेत. तुमच्याकडचं ते पाकीट आहे का एखादं?"

मी दोन दिली. पाणी किती ते सांगितलं, डॉक्टरांना दाखवा म्हटलं.

"ग्रुपवर तेवढं बोलू नका हं. माझा तो मेसेज अजून फिरतोय."

"नाही बोलत, शब्द देते. पण तो खोडून टाका की."

"आता कसा खोडणार? काल नगरच्या मावशीकडून मलाच परत आला. वर लिहिलंय, ‘तज्ज्ञांचा सल्ला’!"

शब्द दिला होता, म्हणून मी ग्रुपवर काही बोलले नाही. तुम्ही मात्र हे दहा जणांना पाठवा. आणि जमलं तर नगरच्या मावशींनाही!