लीलाबाईंचं काळं कार्ड

लीलाबाई मेल्या तेव्हा मी हसत होते. खोट्या मेल्या होत्या, म्हणून. पौडच्या पुढे एका उघड्या माळावर त्या डोळे मिटून पडल्या होत्या, गळ्यात काळं कार्ड होतं आणि पांढऱ्या चादरीखालून त्यांच्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या. मेलेल्या बाईनं बांगड्या वाजवू नयेत, एवढंही त्यांना जमत नव्हतं. माझं ते हसू नंतर साफ उतरलं.

लीलाबाई माझ्या घरमालकीण. मी मूळची अकोल्याची. हिंजवडीत नोकरी लागली, म्हणून शेजारच्या माण गावात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले ती राहिलेच. त्यांना मी मावशी म्हणते आणि त्यांच्या यजमानांना, विठ्ठलरावांना, काका. मावशींनी उभ्या आयुष्यात भात लावला, गुरं राखली, जमीन कंपन्यांना गेल्यावर खोल्या बांधून घेतल्या आणि आम्हा भाडेकरूंना वळण लावलं. आवाज असा, की गच्चीवरून हाक मारली तर चौकातला रिक्षावाला ओ देतो. बोटाला विळी लागली तर आळीतल्या सगळ्यांना कळतं. काका याच्या बरोबर उलट. त्यांच्या भाताच्या खाचरावर आता काचेची इमारत उभी आहे. ते तिकडे बघून काही बोलत नाहीत, असं मी कुणाला तरी सांगत होते, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ते कुटंच बघून काय बोलत न्हाईत."

मावशींच्या मनात एकच इच्छा होती आणि ती त्यांनी मला खोलीच्या किल्लीबरोबरच सांगून टाकली होती. नवऱ्याच्या आधी मरायचं. भरल्या कपाळानं जायचं. त्यासाठी एक हिरवं लुगडं त्यांनी ट्रंकेत वेगळं ठेवलं होतं. त्यात डांबरगोळ्या घालायच्या, वर्षातून एकदा ऊन दाखवायचं आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायचं.

"मला हेच नेसवा," त्या सांगायच्या. "वटी भरा, मळवट भरा, आन मग न्या."

मला राग यायचा. एकदा म्हणालेही, "आणि मागे काकांचं काय?"

"त्यांचं काय? पुरुषाला काय हुतंय?"

काका तिथेच ओट्यावर बसलेले असायचे. ऐकायचे. बोलायचे नाहीत. आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो, की त्यांना यात बोलायचं काही नाही.

तर आपल्या सैन्यातले डॉक्टर आणि आणखी काही देशांच्या सैन्यातले डॉक्टर मिळून एक सराव करणार होते. दरड कोसळून एकदम पुष्कळ माणसं सापडली, तर एकमेकांची भाषा न येणाऱ्या डॉक्टरांनी मिळून काम कसं करायचं, त्याची रंगीत तालीम. जखमी म्हणून आजूबाजूच्या गावांतली माणसं हवी होती. मला वाटलं, सुट्टीच्या दिवशी बरी गंमत आहे. मावशींना परदेशी बायका गणवेशात कशा दिसतात ते बघायचं होतं. काकांना त्यांनी सोबत ओढलं, कारण घरी एकटे राहिले तर ते चहासुद्धा करून घेत नाहीत.

त्या दिवशी सकाळी काका "पित्त झालंय" म्हणाले होते. मावशींनी त्यांना आमसुलाचं पाणी पाजलं. काकांना पित्त होतंच अधूनमधून. मीही ऐकलं आणि सोडून दिलं.

माळावर तंबू ठोकलेले होते, निरनिराळ्या रंगांचे गणवेश होते, ॲम्ब्युलन्सची रांग होती. आमच्यातल्या कुणाच्या कपाळावर लाल रंग ओतला, कुणाच्या पायाला खोटी जखम चिकटवली. मग साताऱ्याकडचे एक सुभेदार उभे राहिले आणि त्यांनी गळ्यात अडकवायची कार्डं समजावून सांगितली. लाल म्हणजे जीव धोक्यात, आत्ताच्या आत्ता बघायचं. पिवळं म्हणजे थोडा दम धरेल. हिरवं म्हणजे चालता येतंय, बाजूला बसवा. काळं म्हणजे गेला. त्याच्यावर चादर टाकायची आणि पुढे व्हायचं.

मला हिरवं मिळालं, बोट मोडलेलं. मावशींना लाल. काकांना काळं.

"अवं, तुमाला काळं दिलं?" मावशी कडाडल्या.

काकांनी मान हलवली.

"काढा ते. मी जिती असताना तुमी मरताय व्हय?"

"खोटं हाय ते," काका म्हणाले.

"खोटं असलं म्हनून काय झालं? कपाळावर कुंकू हाय माज्या!" त्यांनी काकांच्या गळ्यातलं काळं कार्ड काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि आपलं लाल त्यांच्या गळ्यात अडकवलं. "लाल बरं. कुंकवाचा रंग हाय."

मी म्हणाले, "मावशी, लाल म्हणजे छातीला मार लागलाय, श्वास घेता येत नाही. काकांना कण्हावं लागेल."

"कन्हतील की. तेवढं बी जमंना व्हय?"

या गडबडीत सुभेदार शेवटची एक गोष्ट सांगत होते, ती मावशींच्या कानावर गेलीच नाही. सरावात कुणाला खरंच काही झालं, तर "असली" असं तीनदा ओरडायचं. मग सगळं जागच्या जागी थांबेल. सगळ्या देशांच्या लोकांनी हा एक शब्द पाठ केला होता.

भोंगा वाजला. धूर सोडला. पोरंटोरं अगदी मन लावून किंचाळायला लागली. मला हिरव्या कार्डवाल्यांच्या तंबूशी नेऊन बसवलं आणि धडधाकट बोटाला पट्टी बांधली. तिथून सगळा माळ दिसत होता. मावशी धुळीत उताण्या पडल्या होत्या. काका थोडे अलीकडे एका दगडाला टेकून बसले होते. दोन जवान मावशींपाशी आले, त्यांनी काळं कार्ड बघितलं, तोंडावर चादर ओढली आणि पुढे गेले. बांगड्या वाजल्या. मी हसले ती तेव्हा.

काका चादरीकडे बघत होते. मग त्यांचा हात छातीवर गेला. ते पुढे वाकले. कपाळावर घाम दिसत होता. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, "म्हातारा भारीच करतोय राव." मी मान डोलावली. देवा, मी मान डोलावली. मला वाटलं, जन्मभर न बोललेला माणूस आज पहिल्यांदा मोकळा होतोय.

लाल कार्ड बघून नेपाळच्या सैन्यातली एक डॉक्टर धावत काकांकडे गेली. कॅप्टन अस्मिता गुरुंग. लहानखुरी, माझ्यापेक्षाही लहान वाटावी अशी. तिनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. मग मानेवर ठेवली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा स्वतःचाच चेहरा बदलला.

"असली!" ती ओरडली. "असली! असली!"

भोंगा बंद झाला. किंचाळणारी पोरं मध्येच गप्प झाली. आणि त्या शांततेत चादरीखालून मावशींचा आवाज आला, "असली म्हंजे कसली वं?"

कुणीही हसलं नाही. मावशींनी चादर बाजूला केली, उठून बसल्या, सगळे काकांकडे धावताहेत ते पाहिलं आणि उठल्या. पलीकडच्या एका जवानाला काही कळलंच नव्हतं. तो म्हणाला, "मौसी, लेट जाओ, आप मर गई हो." मावशींनी त्याला असा धक्का दिला की तो बाजूलाच झाला. गळ्यात काळं कार्ड, केसांत माती, आणि बाई धावत सुटली. मीही पट्टी बांधलेल्या बोटासकट मागे धावले.

विळी लागली तर आळी गोळा करणारी ती बाई तिथे पोचली आणि तिच्या तोंडातून आवाजच फुटेना. मग अगदी हळू म्हणाली, "पित्त हाय त्यास्नी. सकाळी आमसूल दिलंय." पुन्हा तेच. पुन्हा तेच. जणू ते पुरेसं वेळा म्हटलं तर खरं होणार होतं.

"पित्त नहीं है अम्मा," कॅप्टन अस्मिता हात न थांबवता म्हणाली. "दिल है."

नंतर जे झालं त्यानं मी हादरूनच गेले. आमच्या भोवती मांडलेलं ते सगळं मला नाटकाचं सामान वाटत होतं. ऑक्सिजनच्या नळकांड्यात खरा ऑक्सिजन होता. ॲम्ब्युलन्समध्ये खरं यंत्र होतं, त्यावर काकांच्या हृदयाची वेडीवाकडी रेघ उमटली. एक डॉक्टर आपला, एक नेपाळची, तिसरा कुठल्या देशाचा होता ते मला अजून माहीत नाही. तिघांना मिळून धड एक भाषा येत नव्हती, पण एकानं हात पुढे केला की दुसरा त्यावर नेमकी हवी ती वस्तू ठेवत होता. जिभेखाली गोळी गेली, सुई गेली, काका स्ट्रेचरवर गेले. मी नुसती उभी होते. मी घाबरले होते, आणि स्वतःचा संतापही येत होता, कारण मी हसले होते.

पुण्यातल्या इस्पितळात काकांना आत नेल्यावर आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मावशींच्या गळ्यात ते काळं कार्ड तसंच होतं. येणारे-जाणारे बघत होते. मी काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. थोड्या वेळानं कॅप्टन अस्मिता आणि सुभेदार दोघं चौकशीला आले. ती म्हणाली, तिच्या देशात मोठा भूकंप झाला तेव्हा ती शाळेत होती आणि तिच्या गावात पहिली औषधं घेऊन आले ते भारतीय फौजेतले डॉक्टर होते. एवढं बोलून तिनं मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. 

सुभेदारांनी त्या कार्डाकडे बोट केलं. "हे तर काकांना दिलं होतं ना?"

मी अदलाबदल सांगितली. सुभेदार खाली बसले. "काळं कार्ड असतं, तर त्यांच्यावर चादर टाकून आम्ही पुढं गेलो असतो," ते म्हणाले. "परत तिकडं बघितलं असतं ते पार शेवटी."

मावशींनी गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. 

काका वाचले. शिरेत जाळी बसवली, धोका टळला, आणि माणमध्ये एकच बोलबाला झाला, की लीलाबाईच्या कुंकवानं नवरा वाचवला. बायका इस्पितळात येऊन मावशींच्या पाया पडायला लागल्या. तिसऱ्या-चौथ्या बाईपासून मावशींचा आवाज परत आला. त्या सांगायला लागल्या, मग रंगवायला लागल्या. मला बरंच वाटलं, आवाज असलेल्या मावशी मला ओळखीच्या होत्या.

काकांना खोलीत आणलं त्या दुपारी त्या तिथल्या नर्सला सांगत होत्या, "मी म्हनलं, मरायचंच तर मी मरते. माजं तर ठरल्यालंच हाय, भरल्या कपाळानं..."

"लीला," काका म्हणाले.

मी मावशींकडे पाहिलं.  काकांच्या तोंडून त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यांनीही ऐकलं नव्हतं. त्यांच्या पिढीत बायकोला नावानं कोण हाक मारतं?

"तुज्या तोंडावर चादर टाकली त्यांनी," काका म्हणाले.

"खोटी हुती वं ती."

"म्हाईत हाय मला. तरी बी." ते थांबले, दम घेतला. "पित्त वाटत हुतं सकाळधरनं. पन चादर टाकली, आन मग छातीत खरं धरलं."

नर्स हळूच बाहेर निघून गेली. मलाही जायला हवं होतं, पण मी दारातच थांबले.

"जाते, जाते म्हनतीस," काका म्हणाले. "लुगड्याला ऊन दावतीस. मला कंदी इचारलंस? तू गेल्यावर मी काय करू मागं?"

  मावशींनी काकांच्या पायावरची चादर नीट केली, आणि ती करताना एकदम हात मागे घेतला. ती चादर पांढरी होती. त्यांनी ती उचलून बाजूला टाकली आणि स्वतःची शाल त्यांच्या पायांवर घातली.

काकांना घरी आणायचं त्या सकाळी मी रिक्षा घेऊन घराबाहेर थांबले होते. मावशी ओटा उतरून आल्या, आणि मी बघतच राहिले. अंगावर हिरवं लुगडं होतं. डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत आला.

"मावशी, हे तर..."

"घडी मोडली," त्या म्हणाल्या. "बस आत."

इस्पितळात काका कपडे करून खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी लुगडं पाहिलं. कुठलं ते त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी पदराचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं आणि मावशींच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बघताय काय?" मावशी म्हणाल्या. आवाज मोठाच होता, पण मध्येच फाटला. "ट्रंकेत ठेवाया दुसरं घ्यायचं न्हाई आता. उठा, घरी चला."