किलोचा भाव

माझं माहेर वाईचं. तिथली मावशी अजून विचारते, "तू सांगलीत नक्की करतेस तरी काय गं?" मी सांगते, "लोकांचा माल बोटीवर चढवते आणि कस्टमवाल्यांशी भांडते." भांडायला मला आवडतंच, लपवायचं काय त्यात! पण अमेरिकेनं धातूच्या मालावर ड्यूटी लावली, मग ती वाढवून थेट किमतीच्या निम्मी केली, आणि भांडायला समोर कुणी उरलंच नाही. बोटं मोडायची तरी कुणाच्या नावानं?

विश्रामबागेत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे कुपवाडच्या एमआयडीसीतली एक फाउंड्री. मालक ऊसवाल्या घरातले. थोरला भाऊ फौजेत गेला, धाकट्यानं शेती धरली, यांनी भट्टी लावली. ॲल्युमिनियम वितळवून पंपाची झाकणं ओतायची, लेथवर कातून गुळगुळीत करायची आणि अमेरिकेतल्या एका कंपनीला पाठवायची. एकाच! मी कितीदा म्हटलं, दादा, दुसरं कुणी बघून ठेवा. तर हसून म्हणायचे, "ताई, बायकू एकच असती."

त्या एकुलत्या एका कंपनीनं कळवलं, ड्यूटीचा भार कमी होत असेल तर पुढचा माल पाठवा, नाहीतर थांबा. थांबा म्हणजे भट्टी बंद, लेथ बंद, माणसं घरी. दादांचा चेहरा बघवत नव्हता.

मी मात्र जिद्दीला पेटले. नियम उलटूनपालटून वाचले आणि वाट सापडली. या झाकणांवरची ती निम्मी ड्यूटी फक्त आतल्या धातूच्या किमतीवर होती. कातकाम, रंग, पेटी हे सगळं बिलात वेगळं दाखवलं, तर तेवढा भाग तिच्यातून सुटणार होता. आनंदानं स्कूटर काढली आणि तडक फाउंड्री गाठली. म्हटलं, "दादा, बिलात धातू वेगळा दाखवा, काम वेगळं दाखवा."

"वेगळं कसं? आमी किलोनं देतो की."

कर्म माझं! आमच्या भागातल्या फाउंड्रीवाल्यांची ही जुनी रीत. भाव विचारला की किलोचाच सांगायचा. झाकण कातायला दोन तास लागोत नाहीतर पाच, वजन करायचं आणि बिल फाडायचं. तिकडच्या कस्टमनं म्हणूनच सगळं बिल धातूचंच धरलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळत होतं. मी तडकले, "अहो, माणसाची मेहनत काय काट्यावर घालून विकता?"

"हितं समदीच किलोवर बोलत्यात ताई," ते म्हणाले. "मी काय येगळा?"

शेवटी बसलो दोघं हिशेब मांडायला. धातूचा भाव बाजारात ठरलेलाच, तो चटकन लिहिला. मग कातकामाला ते लेथवरच्या माणसांना खरोखर जे देत होते तेच त्यांनी धरलं. रंग धरला, पेटी धरली, वीज धरली. मी वाट बघत राहिले, अजून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. धातू बाजूला काढला, तर उरलं भाकरीवरच्या तिळाएवढं.

"बघा की दादा, काहीतरी राहिलं असेल."

"न्हाई ताई, समदं धरलंय."

वाढवून लिहिता आलं असतं, पण उद्या तिकडून पगाराचे कागद मागितले तर दाखवायचं काय? आणि खोटं मी लिहीत नाही. त्यांनीही तसं सुचवलं नाही. मला इतका राग आला होता की समोरचा चहा तसाच टाकून मी उठले. कंपनीला खरे आकडे पाठवले. उत्तर आलं, फरक फारच थोडा पडतो, ऑर्डर थांबवतो आहोत.

माणसांना सांगायच्या दिवशी दादांनी मला बोलावून घेतलं. "माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई, तुमीच सांगा." लेथवाले, ओतणारे सगळे गोळा झाले. ड्यूटी काय, ती कशावर लागते, बिल का फोडून बघितलं, सगळं मी सांगितलं. पुढंच एक टर्नर उभा होता, जतकडचा. घरची माणसं अजून मेंढरामागं फिरतात, हा मात्र तरुणपणापासून इथल्या लेथवर. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी ताई, आमच्या कामावर ती ड्यूटी न्हवती?"

"नव्हती."

"मग आमच्या कामाचं जादा धरलं असतं, तर आर्डर ऱ्हायली असती?"

"राहिली असती कदाचित. त्याच भावात कामाचा वाटा मोठा असता, तर ड्यूटी कमी बसली असती. पण नुसतं धरून चालत नाही. तेवढं तुम्हाला खरंच द्यायला लागलं असतं."

तो दादांकडे वळला. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. सरळ विचारावं तसं विचारलं.

"आवं मालक, मग द्यायचं हुतं की."

भट्टी बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.